जॉन मॉटसन फार बोलायचे का?

बीबीसीचे फुटबॉल समालोचक जॉन मॉटसन २०२३च्या फेब्रुवारीत गेले. पन्नास वर्षं त्यांनी बीबीसीवर कॉमेंट्री केली. पण त्यांचं नाव काढलं की हमखास ऐकू येतं, ‘नुसता आकड्यांचा रतीब घालायचे.’ मला हे मुळीच पटत नाही.

५ फेब्रुवारी १९७२ आठवा. एफए कप या इंग्लंडच्या बाद स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीचा फेरसामना. लीगबाहेरचा छोटा संघ हेरफर्ड आणि पहिल्या, म्हणजे सर्वोच्च डिव्हिजनमधला न्यूकॅसल. निकाल ठरल्यातच जमा, म्हणून तिथे पाठवला २६ वर्षांचा, टीव्हीवर नवखा मॉटसन. मॅल्कम मॅकडोनल्डने शेवटी शेवटी न्यूकॅसलला पुढे नेलं. मग त्या राड चिखलातून हेरफर्डच्या रॉनी रॅडफर्डने तीसेक यार्डांवरून चेंडू असा हाणला की थेट जाळ्यात. पार्का, म्हणजे टोपीचे जाड कोट घातलेली पोरं मैदानभर. जादा वेळेत रिकी जॉर्जने हेरफर्डला सामना २-१ असा जिंकून दिला. मॉटसनचं ‘व्हॉट अ गोल!’ सगळ्यांना पाठ आहे, पण पुढचं ऐका. त्या गदारोळातही ते गोल करणाऱ्याचं पूर्ण नाव घेतात. चिखलाने माखलेल्या, कोणाला माहीत नसलेल्या खेळाडूचं. गृहपाठ म्हणतात तो हाच.

डावा विंगर: असहमत. नाव माहीत असणं ही समालोचकाची किमान पात्रता झाली. टीव्ही म्हणजे रेडिओ नव्हे, समोर दिसतंय ते दिसू द्यावं. बीबीसीचेच दुसरे समालोचक बॅरी डेव्हिस ऐका. १९८६चा वर्ल्ड कप, मेक्सिकोतलं अ‍ॅझ्टेका मैदान, इंग्लंडविरुद्ध अर्जेंटिनाच्या मॅराडोनाचा दुसरा गोल. स्वतःचा देश हरतोय, काही मिनिटांपूर्वीच हाताने केलेला गोल झालाय, आणि हा माणूस म्हणतो की याला अप्रतिमच म्हणावं लागेल. एकही आकडा नाही. तरीही बीबीसीने कप फायनल वर्षानुवर्षं मॉटसनकडे दिल्या. डेव्हिसवर तो अन्यायच होता.

हाफटाइम: धागाकर्त्याशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. १५ एप्रिल १९८९ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर बीबीसीसाठी मॉटसनच होते. लिव्हरपूल-नॉटिंगहॅम फॉरेस्ट उपांत्य सामना सहा मिनिटांत थांबला. त्या चेंगराचेंगरीने ९७ जणांचा जीव घेतला. कुंपणापलीकडे माणसं चिरडली जात असताना मॉटसननी आणलेले टिपणांचे सगळे कागद निरुपयोगी. मॉटसन मुळात वार्ताहर. आधी बार्नेटच्या स्थानिक पत्रात, मग शेफील्डच्या वर्तमानपत्रात. त्याच शेफील्डमध्ये त्या दिवशी त्यांना पुन्हा वार्ताहर व्हावं लागलं. हे ज्याने निभावलं त्याला आकडेबाज म्हणून मोकळं होऊ नये.

डावा विंगर: @हाफटाइम, हिल्सबरोबद्दल वाद घालणार नाही. पण तुमच्याच उदाहरणातून माझा मुद्दा सिद्ध होतो. कागद बाजूला पडले तेव्हा ते उत्तम होते. बाकी वेळी कागद बाजूला का नाही ठेवले? आणि तो मेंढीच्या कातड्याचा कोट! १९९०मध्ये वायकॉम्बच्या मैदानावर बर्फात उभे राहून बोलले, तेव्हापासून खेळापेक्षा समालोचकच जास्त दिसायला लागला.

धागाकर्ता: कोटाचं खापर त्यांच्यावर फोडू नका, थंडी होती म्हणून घातला होता! आकड्यांबद्दल थोडं मान्य. उत्तरार्धात काही वेळा आकडा सांगायचा म्हणून सांगितला जायचा, हे मलाही खटकायचं. पण त्यांच्या पत्नी वर्षानुवर्षं जुन्या सामन्यांच्या नोंदी ठेवायच्या आणि सामन्याआधी मॉटसन स्वतः हाताने टिपणं काढायचे. त्यातलं बहुतेक वापरलंच जायचं नाही. ती तयारी प्रेक्षकाला दिपवायला नव्हती, ऐन वेळी जीभ अडखळू नये म्हणून होती. डेव्हिसची शांतता मलाही आवडते. पण हेरफर्डला शांत राहून चाललं नसतं.

रॅडफर्ड फुटबॉल सांभाळून सुतारकाम करायचे. त्या एका गोलाने आपलं करिअर घडलं, असं मॉटसन कायम सांगत. रॅडफर्ड २०२२च्या नोव्हेंबरमध्ये गेले, मॉटसन त्यानंतर चार महिन्यांच्या आत.