माळवदाचं घर, आई-वडील दोघेच. भूकंपासाठी काय करून ठेवावं?

वसमतकर
गाव वसमत तालुक्यात, हिंगोली जिल्हा. २०२४ ला मार्चमध्ये आणि परत जुलैमध्ये ४.५ चे धक्के बसले. घर आजोबांच्या काळचं, दगड-मातीचं, वर माळवद (तुळयांवर मातीचं सपाट छप्पर). बाजूला पत्र्याच्या दोन खोल्या. वडिलांचे गुडघे गेलेत. नवीन बांधकाम आत्ता शक्य नाही. दिवाळीत चार दिवस गावी असेन, तेवढ्यात काय उरकू? बॅग भरून ठेवा एवढंच सगळीकडे वाचायला मिळतंय.

मांजराकाठ
बॅग राहू द्या. दोघं झोपतात कुठे ते आधी सांगा. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३.५६ ला हादरा बसला, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं गाढ झोपेत. कोयनेचा १९६७ चा भूकंपही पहाटेचाच. माळवदाखाली झोपणं बंद करा, निम्मं काम झालं. पत्र्याच्या खोलीत बाजा टाका.

पण पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड ठेवलेत का? ते पहिल्या दिवशी उतरवा आणि पत्रे हुक-बोल्टने कसून घ्या. बाज भिंतीपासून लांब, डोक्याशी कपाट किंवा भांड्यांची मांडणी नको.

गवंडी_नांदेड
माळवदाबद्दल थोडं. दरवर्षी पावसाळ्याआधी पांढरी माती टाकतात, जुनी कुणी काढत नाही. चाळीस-पन्नास वर्षांत थर हातभर होतो आणि ते सगळं वजन डोक्यावर. चार गडी लावून जास्तीची माती उतरवा, वर ताडपत्री किंवा पातळ लेप. सगळी एकाच बाजूने काढू नका, तुळया एकीकडे कलतात.

भिंत बाहेरून नीट बघा. पोट आलंय का, म्हणजे मध्येच फुगलीय का? या भिंतींत दगडाचे दोन थर, मध्ये माती आणि बारीक दगड. दोन्ही थरांना धरणारा आरपार दगड बहुतेक घरांत नसतोच, म्हणून हादऱ्यात थर सुटे होऊन भिंत फुटते. किल्लारीनंतर दुरुस्तीत भिंतीला आरपार भोक पाडून सळई घालून काँक्रीट भरायचे. हे काम जाणकार इंजिनिअर उभा असेल तरच करा, नुसत्या गवंड्याच्या भरवशावर नको (मी स्वतः गवंडी आहे, तरी सांगतो). पोट आलेल्या भिंतीलगत गोठा असेल तर दावण हलवा.

कोयनाकाठ
आमच्या पाटणकडे बारक्या धक्क्यांची सवयच आहे, म्हणून काही गोष्टी अंगवळणी पडल्यात. रात्री शेगडीसोबत रेग्युलेटरही बंद. बाजेखाली चप्पल आणि बॅटरी. दाराला एकच कडी, तीही वडिलांचा हात पोचेल अशी; वरचा अडसर काढून टाका. सातबारा, आधार, बँकेचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत आठवड्याच्या गोळ्या. पाण्याचा एक कॅन बाहेर, कारण वीज गेली की बोअर बंद.

बाभूळबन
फोनवर अँड्रॉइडची भूकंप सूचना चालू ठेवावी का? आणि दाराच्या चौकटीत उभं राहायचं ना?

कोयनाकाठ
सूचना चालू ठेवा, पण केंद्र जवळ असेल तर धक्का आधी, सूचना मागून. चौकटीचं विसरा, वरचा दगडच अंगावर येईल. स्लॅबच्या पक्क्या घरात मजबूत टेबलाखाली. दगड-मातीच्या घरात दार दोन पावलांवर आणि समोर मोकळं अंगण असेल तरच बाहेर. अरुंद बोळात मात्र समोरच्याची भिंतही येते.

वसमतकर
पत्र्यावर बारा-पंधरा दगड आहेत, आत्ताच फोन करून विचारलं. वडील म्हणतात पत्र्याखाली उकडतं.

मांजराकाठ
दिवाळीत कसलं उकडतंय! उन्हाळ्यात अंगणात टाका की बाजा, तसंही आपल्याकडे कोण आत झोपतं.