नोव्हेंबरात पोर्तो, दोघं जण, पाऊस आणि बेताचं बजेट: सल्ला हवाय

ओलेचिंब
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि बायको पोर्तुगालला, पोर्तोत ६ रात्री चाललोय. तिकिटं काढून झालीत, व्हिसा हातात आहे, त्यामुळे "तिकडे कशाला" हे कृपया नको :) तिकिटं स्वस्त का होती ते आत्ता कळलं, तिथे या दिवसांत भरपूर पाऊस असतो. राहणं धरून दोघांचे मिळून दिवसाला ९० युरो, वर एक पै नाही. बायको शाकाहारी, अंडं चालतं. प्रश्न दोनच, पावसात काय बघायचं आणि छत्री न्यायची की रेनकोट?

कसबापेठी
नोव्हेंबरात युरोप म्हणजे पैसे अक्षरशः पाण्यात. आम्ही मे महिन्यात स्वित्झर्लंड केलं, १२ दिवस, टूरबरोबर, रोज रात्री गरम वरणभात, कसली कटकट नाही. दिवसाला २५० युरो धरा, मग बघा मजा.

ओलेचिंब
काका, ९०.

भाट्याचा_वारा
मी रत्नागिरीचा, मला पाऊस शिकवू नका असं म्हणत गेलो होतो. आपल्यासारखा धो धो नसतोच तो, पण अटलांटिकवरनं वारा येतो आणि पाऊस आडवा लागतो. दों लुईश पूल आहे ना, १८८६ चा, लोखंडी, त्याच्या वरच्या मजल्यावरून मेट्रो जाते आणि बाजूने माणसं चालतात, तिथे पहिल्याच दिवशी छत्रीचं कमळ झालं. काड्या हातात आणि कापड नदीवर. शिवाय नदीकाठच्या रिबेरा भागाकडे उतरणाऱ्या गल्ल्या दगडी, उताराच्या, आणि ओल्या झाल्या की शेवाळलेल्या पाखाडीसारख्या. मी गुळगुळीत तळाचे बूट घालून गेलेलो, बायकोने कॉलर धरली म्हणून वाचलो. तेव्हा रेनकोट आणि चांगल्या ग्रिपचे बूट. छत्री विसरा.

सदाशिव_२
असहमत. रेनकोटात आतून घामाने भिजता ते वेगळंच. छत्री चांगली घेतली तर उलटी होत नाही, आमची १९९८ ची अजून आहे.

भाट्याचा_वारा
ती पुलावर नेलीत का?

सदाशिव_२
कुठल्या पुलावर? लकडी पुलावर नेली आहे.

थंड_फरशी
तिथे शिकायला दोन हिवाळे काढलेत म्हणून सांगते, छत्रीपेक्षा घर बघा. बाहेर १२-१३ डिग्री म्हणजे आपल्याला वाटतं काय एवढं, पण जुन्या घरांत हीटिंग नसतं आणि भिंती दमट. रात्री पांघरुणात शिरलं की चादर ओली आहे का काय असं वाटायचं. धुतलेले मोजे तीन दिवस वाळत नाहीत, शेवटी मी हेअर ड्रायर मोज्यात घालून बसायचे. बुक करताना हीटर आहे का हे मेसेज करून विचारा आणि रिव्ह्यूत "दमट", "बुरशी" असले शब्द शोधा. जवळपास सेल्फ सर्व्हिस लाँड्री असेल तर उत्तम, ड्रायरमध्ये थोडे युरो टाकले की सगळं खणखणीत वाळतं. राहायला त्रिंदादे स्टेशनच्या आसपास बघा, विमानतळावरनं मेट्रो थेट येते. मेट्रोचं आंदांते कार्ड मात्र दोघांना दोन लागतात, एकावर दोघं चालत नाही, आणि मेट्रो बदलताना परत टेकवायचं.

कसबापेठी
बघा, म्हणून टूर बरी.

पणजीकरीण
पावसात बघायला साओ बेंतो स्टेशन! तिकीट नाही काही नाही, आत हॉलभर निळ्या-पांढऱ्या टाइल्स, २० हजाराच्या आसपास, लढाया काय आणि मिरवणुका काय. आम्ही तास काढला. मग बोल्याव मार्केट, तेही छपराखाली. जेवणात फ्रान्सेझिन्याच्या वाटेला जाऊ नका, ते सँडविच म्हणजे मांसाचे थरच्या थर. काल्दो व्हेर्द सुपातही सॉसेजची चकती असते, नको म्हणून सांगायचं. दुपारी "प्रातु दु दिया" बघा, म्हणजे आजची थाळी, स्वस्त पडते. आणि बसल्या बसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह आणून ठेवतात ते फुकट नसतं. हात लावला नाही तर पैसे नाहीत. माझ्या नवऱ्याने ओळखीचा पाव बघून लगेच मोडला, बिलात आला. बाकी भाषेचं टेन्शन नको, बटाटा, पाव, चावी हे सगळं तिकडचंच.

व्युत्पत्तिवाला
पाव आणि चावी ठीक. बटाटा मुळात कॅरिबियन बेटांवरचा शब्द, पोर्तुगीजांनी नुसता पोचवला.

पणजीकरीण
बरं. पण भाजीवालीने बटाटाच दिला ना!

सदाशिव_२
कांदा कुठला मग?

निवांत_पक्षी
वरचं सगळं वाचलं नाही, पण रेनकोट न्या आणि स्टेशन बघा. अजून एक, एक दिवस डोरू नदीकाठची ट्रेन पकडा, पिन्याव गावापर्यंत अडीच तासांच्या आसपास. जाताना उजव्या हाताची खिडकी धरा, नदी त्याच बाजूला. कोरडं बसून द्राक्षमळे बघायचे, वर पाऊस पडतोय ते उलट छान दिसतं. आमच्या डब्यात दोघं वगळता सगळे झोपलेले.

ओलेचिंब
सगळ्यांचे आभार, काकांचेही. तर निर्णय असा: त्रिंदादे बजेटमध्ये बसलं नाही, नदीपलीकडे गाया नावाच्या गावात चढावर एक खोली घेतली, ४१ युरो, हीटर आहे असं मालकीण म्हणते. म्हणजे रोज त्याच पुलावरनं ये-जा. ट्रेन नक्की, उजवी खिडकी बायकोने आत्ताच स्वतःच्या नावावर केली. आणि सासऱ्यांनी त्यांची लांब दांड्याची काळी छत्री काल घरी आणून दिली, नको म्हणायची कोणाची हिंमत नाही, तीच नेतोय. रेनकोट घेतलेला नाही.

भाट्याचा_वारा
कापड उडालं की फोटो टाका.