आधीच्या खात्यातली पाच वर्षं एमएसीपीला धरतात का?

पाऊलवाट:
नमस्कार. 2014 च्या जुलैत मी केंद्र सरकारच्या एका खात्यात वेतनाच्या लेव्हल 4 वर लागले. तिथे असतानाच परवानगी घेऊन, प्रॉपर चॅनेलने, म्हणजे कार्यालयामार्फत अर्ज करून पुन्हा परीक्षा दिली आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्याच दुसऱ्या खात्यात आले. पदाचं नाव बदललं, लेव्हल तीच राहिली. शुक्रवारी संध्याकाळी तिथून सुटले, सोमवारी सकाळी इथे रुजू झाले. प्रोबेशन 2021 मध्ये संपलं.
दहा वर्षं 2024 च्या जुलैत भरली, म्हणून पहिल्या एमएसीपीसाठी, म्हणजे बढती न मिळाल्यास दहा वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या वरच्या वेतन लेव्हलसाठी, विचारायला गेले. आस्थापना शाखेने सांगितलं, "तुमची सेवा 2019 पासून, 2029 मध्ये बघू." जुन्या खात्याच्या कार्यमुक्ती आदेशात नुसतं "राजीनामा मंजूर" असं लिहिलंय. यामुळे अडतंय का? आणि एक मैत्रीण म्हणते, जुनी सेवा धरली तर इथली ज्येष्ठताही वर सरकते. खरं आहे का?

तिसरा_मजला:
नाही मिळणार. आमच्याकडे एकाने बरीच लिखापढी केली, तरी नव्या खात्यात रुजू झाल्या तारखेपासूनच धरली.

जुनी_फाइल:
तिसरा_मजला, ते गृहस्थ आधी कोणत्या लेव्हलवर होते?

तिसरा_मजला:
एलडीसी (कनिष्ठ श्रेणी लिपिक) होते, लेव्हल 2. इथे लेव्हल 4 वर आले.

जुनी_फाइल:
मग त्यांचा निकाल बरोबर होता, पण तो पाऊलवाट यांना लावू नका. माझी सगळी नोकरी आस्थापना शाखेत गेली. या एका फरकाकडे न बघता अर्ज परत पाठवलेले मी पाहिलेत आणि दर वेळी त्याची चीड आली आहे, कारण उत्तर कागदावर स्पष्ट लिहिलेलं आहे.
19 मे 2009 च्या एमएसीपीच्या आदेशाला जे परिशिष्ट आहे, त्यातला परिच्छेद 9 काढा. नियमित सेवा नव्या पदावर रुजू झाल्यापासून मोजायची हे त्यात आहेच, आणि शाखा तिथेच वाचन थांबवते. पुढचं वाक्य असं, की दुसऱ्या सरकारी खात्यात त्याच ग्रेड पेच्या पदावर खंड न पडता केलेली नियमित सेवाही धरायची. सातव्या वेतन आयोगानंतर ग्रेड पेच्या जागी पे लेव्हल आली. म्हणजे पोस्टल असिस्टंट टॅक्स असिस्टंट झाला तर दोन्हीकडे लेव्हल 4, सेवा जोडली जाते. एलडीसी टॅक्स असिस्टंट झाला तर जोडली जात नाही, तो वरच्या लेव्हलवर नव्याने आला. तुम्ही कुठल्या पायरीवर उभे होतात ते बघायचं, नुसती वर्षं मोजायची नाहीत.
अट आणखी एक आहे. नव्या पदाचं प्रोबेशन समाधानकारक पूर्ण होईपर्यंत लाभ देत नाहीत. तुमचं ते 2021 लाच झालं.
ज्येष्ठतेबद्दल मैत्रिणीला सांगा, तसं नाही. ही सेवा फक्त एमएसीपीपुरती धरायची, नियमित पदोन्नतीसाठी नाही, हे त्याच परिच्छेदात आहे. तुम्ही तुमच्या बॅचमध्ये जिथे आहात तिथेच राहाल. अर्जात ज्येष्ठतेचा शब्दही आणू नका, नाहीतर दोन्ही विषय एकत्र करून फाइल परत येईल.
आणि हे सोडू नका. एकट्या पहिल्या लाभापुरता प्रश्न नाही. मध्ये बढती मिळाली नाही तर 2024, 2034, 2044 या तुमच्या तारखा. शाखेच्या हिशोबाने त्या 2029, 2039, 2049 होतात. तिन्ही ठिकाणी पाच-पाच वर्षं जातात.

पाऊलवाट:
काका, मनापासून आभार. पण त्या "राजीनामा" शब्दाचं काय?

जुनी_फाइल:
खरी अडचण तीच आहे. साध्या राजीनाम्याने मागची सेवा जाते. परवानगीने दुसऱ्या सरकारी पदावर जाण्यासाठी दिलेला तो तांत्रिक राजीनामा, त्याने जात नाही. कारकुनाने आदेशात "तांत्रिक" लिहिलं नाही म्हणून तुमचा राजीनामा साधा ठरत नाही, पण ते सिद्ध करणारा कागद हातात हवा. तुमच्या राजीनाम्याच्या अर्जात निवडीचं कारण लिहिलं होतं का? ना हरकत पत्राची प्रत आहे? इथे आल्यावर पगार लेव्हल 4 च्या पहिल्या पायरीच्या 25,500 पासून सुरू झाला, की जुना मूळ पगार चालू राहिला?

पाऊलवाट:
ना हरकत आहे. अर्जातही निवडीचा उल्लेख केला होता. मूळ पगार जुनाच चालू राहिला, त्याचा वेतननिश्चितीचा आदेश आत्ता सापडला. त्यात "पूर्वीच्या खात्यातून तांत्रिक राजीनामा देऊन आल्याने वेतन संरक्षित" असं लिहिलंय!

जुनी_फाइल:
अहो, मग अर्धं काम झालं! तुमच्याच कार्यालयाने 2019 मध्ये सहीशिक्क्यानिशी तांत्रिक राजीनामा मान्य केलाय, आता त्याला नाही म्हणता येणार नाही. तो आदेश अर्जाला पहिलं जोडपत्र म्हणून लावा, त्यामागे ना हरकत आणि दोन्हीकडचे कार्यमुक्ती व रुजू अहवाल. मध्ये शनिवार-रविवार होते हे एका ओळीत लिहा, खंड काढायला जागा ठेवू नका. जुन्या खात्याला दुरुस्ती आदेशासाठी वेगळं पत्र टाका, पण त्याची वाट बघत इथला अर्ज अडवू नका.
जुन्या सेवापुस्तकात सेवा पडताळणीची नोंद शेवटच्या दिवसापर्यंत आहे का, तेही शाखेत बसून स्वतः बघा. बहुतेक वेळा शेवटचे काही महिने कोरे असतात.

वळणावरचा:
मी पाच वर्षं जिल्हा परिषदेत होतो, आता केंद्रात आहे. मलाही मिळेल का?

जुनी_फाइल:
एमएसीपीला नाही. राज्य सरकार, स्वायत्त संस्था, सार्वजनिक उपक्रम इथली सेवा परिच्छेद 10 ने वगळली आहे. पेन्शनसाठी सेवा जोडण्याचे नियम वेगळे, त्यासाठी नवा धागा काढा, तिथे लिहितो.
पाऊलवाट, एमएसीपीची प्रकरणं बघणारी छाननी समिती साधारण जानेवारी आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात बसते. त्याआधी अर्ज द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. मंजुरी देय तारखेपासून मागा, थकबाकीसह.