पडून न मरणारा इकॅरस: गेमबॉयवरचा विसरलेला खेळ सरस की मिळमिळीत?

तळ्यातमळ्यात
सुट्टीत ‘किड इकॅरस: ऑफ मिथ्स अँड मॉन्स्टर्स’ पुन्हा शेवटपर्यंत खेळलो. निन्टेंडोच्या गेमबॉय या हातात धरायच्या यंत्रावरचा, नोव्हेंबर १९९१ चा. त्याच महिन्यात त्याच यंत्रावर ‘मेट्रॉइड २’ हा खेळ आला आणि हा बिचारा झाकला गेला तो गेलाच. खुद्द जपानमध्ये तेव्हा तो निघालासुद्धा नाही, थेट २०१२ मध्ये निन्टेंडोच्याच थ्रीडीएस या नंतरच्या यंत्रावर पोचला.

माझं मत: १९८६ च्या मूळ ‘किड इकॅरस’पेक्षा हा सरस. मूळ खेळात नायक पिट वर चढत जातो तेव्हा पडद्याची खालची कड म्हणजे मरण. आत्ता ज्या पायरीवर उभे होतात, ती दिसेनाशी झाली की संपलीच. गेमबॉयवर पडदा खालीही सरकतो. पाय घसरला तर खालच्या पायरीवर येता आणि पुन्हा चढता. शिवाय उडीचं बटण दाबत राहिलं की पिट पंख फडफडवत हळू उतरतो. पाठीवर पंख असलेल्या पोराला त्यांचा रोजचा उपयोग इथे मिळाला!

दोनदा_मेलो
साफ असहमत. नाव इकॅरस आणि पडून मरायचं नाही? सूर्याजवळ उडाला, पंखांचं मेण वितळलं, समुद्रात पडला, मेला, एवढीच तर त्या ग्रीक पोराची गोष्ट. मूळ खेळात ती धास्ती बोटांत उतरते. गेमबॉयवाला म्हणजे मुंडावळ्या बांधून बागेत फेरफटका.

तळ्यातमळ्यात
अहो, पिट इकॅरस नव्हेच! खेळातल्या पालुटेना देवीचा शिपाई तो. ग्रीक पुराण इथे फोडणीपुरतं आहे: पेगॅसस घोड्याचे पंख पोराला, आणि खलनायक ऑर्कोसचं नाव रोमन पाताळदेवाचं.

कुरमुरे
पंख जळून पडणाऱ्याची गोष्टच हवी असेल तर आपला संपाती आहे की. सूर्याजवळ गेल्यावर जटायूला पंखांखाली घेतलं, स्वतःचे पंख जाळून घेतले, विंध्यावर कोसळला. पण मेला नाही. पुढे वानरांना सीतेचा ठावठिकाणा त्यानेच सांगितला. म्हणजे पडून उरणाराही पुराणात बसतो.

दोनदा_मेलो
संपाती मान्य. पण त्याने पंखांची किंमत मोजली हो! पिट काय मोजतो? दोन सेकंद. घसरलो, चढलो, पुढे. चूक झाल्याचं दुःखच होत नाही.

सांजवात
दोघेही पडद्याबद्दल बोलताय, पण तो केवढा होता ते विसरताय. १६०×१४४ पिक्सेल, चार छटा, मागे दिवा नाही. माझा गेमबॉय मामाने मस्कतहून आणलेला, तो मी ट्यूबलाइटखाली तिरका धरून खेळायचे. तिथे पिट चांगला मोठा दिसतो, त्यामुळे आजूबाजूचं जग कमी दिसतं. एवढ्याशा खिडकीत मूळचा नियम ठेवला असता तर न दिसणाऱ्या खड्ड्यात उडी मारून मरायचं, आणि त्याला कौशल्य म्हणायचं? दया वगैरे काही नाही, यंत्र ओळखून केलेली रचना आहे ती.

सेव्हही बघा. मूळ खेळात, टीव्हीला जोडायच्या एनईएस यंत्रावर, २४ अक्षरी पासवर्ड वहीत उतरवायचा, एक अक्षर चुकलं की बोंबला. इथे कार्ट्रिजमध्येच बॅटरी, खेळ तिथेच सेव्ह होतो. खेळ थोडा सोपा आहे हे खरं, शेवटी शेवटी तर मलाही आळस आला. पण विसरण्याजोगा नक्कीच नाही.

तळ्यातमळ्यात
+१. खिडकीचा मुद्दा मला सुचायला हवा होता.

दोनदा_मेलो
पडद्याचं पटलं. सोपेपणाचं नाही. यंत्र लहान असेल तर पडणं वेगळ्या रीतीने महाग करा, अजिबात फुकट का? फक्त त्या वांग्याच्या जादूगारासमोर अजून घाम फुटतो. त्याचं वांगं लागलं की पिटचं पाय फुटलेलं वांगं होतं, बाण बंद, आणि किल्ल्यातलं इस्पितळ शोधत वणवण करायची.

कुरमुरे
मग तिथे तरी किंमत मोजलीत ना?

दोनदा_मेलो
मोजली. भरीत होईपर्यंत.