चर्चतर्फे शाळा बांधायला गेला होतात? आपापले अनुभव लिहा

नौपाडावाली
आमच्या मंडळीचा तरुण संघ मे महिन्यात शहापूरच्या पुढे एका पाड्यावर शाळेची खोली बांधायला मदतीला जायचं म्हणतोय. आमच्या घरातली दोन पोरं जाणार आहेत म्हणून मी जरा चौकशीला लागलेय. पाळकसाहेबांनी उपासनेनंतर जाहीर केलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण मागच्या बाकावरचे एक काका हळूच म्हणाले की एवढ्या बसभाड्यात नि जेवणखाणात दोन गवंडी पंधरवडाभर कामाला लागले असते. तेव्हापासून डोक्यात तोच किडा वळवळतोय. तर जे कोणी अशा कामाला जाऊन आलेत, चर्चतर्फे, एनएसएसतर्फे, कसेही, त्यांनी लिहा. फार गोडगोड नको, काय काम केलं आणि त्याचा कुणाला काय उपयोग झाला ते लिहा. आणि ज्यांच्या गावात असे पाहुणे येऊन गेले त्यांनी तर नक्कीच लिहा.

ऐरोलीकर
आम्ही गेलो होतो कॉलेजात असताना, मोखाड्याच्या बाजूला. डोक्यात होतं की आपण भिंती उभ्या करणार वगैरे, तिथल्या मिस्त्रीने आमचे हात बघितले आणि सगळ्यांना घमेली दिली. थापीला कुणी हात लावायचा नाही हे त्याने पहिल्या चहालाच सांगून टाकलं, आणि बरोबरच होतं त्याचं. आमचं काम म्हणजे विटा पिंपात भिजत घालायच्या, वाळू चाळायची, माल कालवायचा आणि त्याने हाक मारली की पळत जायचं.

पण एक काम आमच्याशिवाय झालंच नसतं असं अजून वाटतं. टेम्पो पाड्यापर्यंत चढत नव्हता, शेवटचा चढ नुसती पायवाट. सिमेंटची 50 किलोची गोणी त्या वाटेने एकट्याला नेणं जमत नाही, मग आम्ही वासाला बांधून दोघं दोघं न्यायचो आणि विटांसाठी साखळी केली, खालपासून वरपर्यंत माणसं उभी, हातातून हातात. पाड्यावरच्या बाया आमच्या शेजारून डोक्यावर आठ-आठ विटा घेऊन सरळ चालत जायच्या आणि हसायच्या. दोन दिवस फक्त तेवढंच केलं. मुकादम म्हणाला की बिगारी इकडे मिळत नाहीत, सगळे भिवंडी-कल्याणला कामाला जातात, त्यामुळे हा माल खालीच पडून राहिला असता. फोटोत मात्र ते कुठेच नाही, फोटो सगळे भिंतीसमोर!

सिमेंटवाला
मी ख्रिश्चन नाही, घणसोलीला राहतो, सिव्हिलमध्ये आहे. ऑफिसमधल्या मित्राच्या चर्चचा ग्रुप जात होता, त्यांना फुकटचा इंजिनियर हवा होता, म्हणून गेलो, नंतर पण गेलोय. ताई, तुमचं बाकी सगळं ठीक आहे पण मे महिना का? सुट्टी असते म्हणून ना? सगळे ग्रुप मे मध्येच जातात आणि तिकडे मे इतका वाईट महिना दुसरा नाही.

कारण पाणी. विटा भिजवायला पाणी, माल कालवायला पाणी आणि सगळ्यात जास्त लागतं ते नंतर, स्लॅबवर मारायला. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस ओलं ठेवावं लागतं, हल्ली सगळीकडे पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट मिळतं त्याला 10, आणि उन्हाळ्यात 14 धरा. स्लॅबवर मालाचे बांध घालून पाणी तुंबवून ठेवतात, कॉलमला गोणपाट गुंडाळून ओलं ठेवतात. पाणी नाही मारलं तर काँक्रीट वरून छान दिसतं पण ताकद येत नाही, तडे जातात, पुढे पावसाळ्यात गळतं. आता शहापूर तालुक्यात मे महिन्यात टँकर चालू असतात. भातसा, तानसा तिथेच आहेत, आपण मुंबईकर-ठाणेकर त्या बाजूचं पाणी पितो आणि तिथल्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. अशा ठिकाणी टँकर आला की पहिला हंडा स्लॅबवर ओता असं सांगायला कुणाची जीभ उचलेल?

दुसरं म्हणजे ग्रुप स्लॅब पडला की टाळ्या वाजवून बसमध्ये बसतो. स्लॅबच्या दिवशी तीस-चाळीस हात खरंच कामाला येतात, कारण काम मधे थांबवून चालत नाही, एका दमात ओतायचं असतं, तेव्हा जरूर जा. पण पुढचे दोन आठवडे पाणी कोण मारणार, टेकू कोण काढणार, त्याला मजुरी कोण देणार हे नाव घालून ठरवा. आम्ही पाड्यावरच्या एका जोडप्याला त्याचे पैसे आधीच दिले होते. आणि शाळा जिल्हा परिषदेची असेल तर इमारत त्यांची, लेखी परवानगी आणि त्यांच्या इंजिनियरने पास केलेला नकाशा हातात आल्याशिवाय फावडंसुद्धा मारू नका. माझं मत विचाराल तर दिवाळीनंतर जा, विहिरींना पाणी असतं, ऊन पण कमी.

चरईची मावशी
आमचा पॅरिशचा ग्रुप गेला होता जव्हारकडे, मी स्वयंपाकाला. वय झालंय, घमेली काय उचलणार. घरचा बॉटल मसाला भरणीभर घेऊन गेले होते, तिथल्या बायकांना फारसा रुचला नाही, त्यांनी मला नागलीच्या भाकऱ्या नि उडदाचं डाळ खायला घातलं ते मात्र मला भयंकर आवडलं.

लिहायचं होतं ते वेगळंच. निघायच्या आधी फादरनी सगळ्यांना बसवून सांगितलं होतं की एकही पत्रक नाही, मुलांना क्रॉसची लॉकेट वाटायची नाहीत, प्रार्थना करायची ती आपली आपण, सकाळी खोलीत. काही तरुण पोरांना पटलं नाही, मग आपण चर्च म्हणून जातोय कशाला असा वाद झाला. मला विचाराल तर मी फादरच्या बाजूची. शाळेची भिंत बांधताना तिच्याखाली अट ठेवली की ती मदत राहत नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावातले काही लोक मोटारसायकलवर आलेच, तुम्ही इथे नक्की काय करायला आलात म्हणून. सूर काही बरा नव्हता. सरपंच बाईंनी त्यांना तिथेच बसवलं, चहा दिला, आणि म्हणाल्या की यांना आम्ही बोलावलंय, ग्रामसभेत विषय झालाय, वही बघायची तर बघा. त्यावर ते गप्प झाले, जाताना एकाने चक्क विटा द्यायला हात लावला. तर ताई, बोलावणं लेखी आहे का ते बघ पहिलं.

कळव्याचा दुकानदार
मी पलीकडच्या बाजूचा. मूळ गाव शहापूर तालुक्यात, लहान असताना आमच्या शाळेला असे पाहुणे यायचे, चर्चचे पण, कंपन्यांचे पण. आता कळव्याला किराणा दुकान आहे.

खरं सांगायचं तर आम्हा पोरांना मज्जा यायची. अभ्यास नाही, बिस्किटं, क्रिकेटची बॅट. फक्त एक नको वाटायचं, प्रत्येक वेळी गुरुजी रांगेत उभं करून गाणं म्हणायला लावायचे, तेच गाणं, दर पाहुण्याला. मोठ्या माणसांचं वेगळं होतं. माझी आये म्हणायची, पावनं बरं हायेत पन त्यांना पानी लय लागतं. तीस माणसांच्या आंघोळी हो! वहाळातल्या विहिरीवरून ती आणि काकू रात्री दोन खेपा जास्त करायच्या आणि पाहुण्यांना वाटायचं पिंपात पाणी आपोआप येतं. कुणी विचारलं नाही, आणि आमच्याकडे पाहुण्याला कुणी सांगत पण नाही.

चांगलं पण सांगतो. त्यातल्या एका ग्रुपमध्ये एक वायरमन होता, उल्हासनगरचा बहुतेक. बाकीचे रंगकाम करत होते तेव्हा त्याने शाळेची अख्खी वायरिंग बघितली, उघड्या तारा काढल्या, अर्थिंग केलं, आणि आमच्या गावातल्या दोन पोरांना बरोबर घेऊन शिकवलं. त्यातला एक आज तालुक्याला इलेक्ट्रिकचं दुकान चालवतो. रंग दोन पावसाळ्यात गेला. म्हणून म्हणतो, पोरांबरोबर प्लंबर, वायरमन, सुतार असा एकतरी माणूस घ्या ज्याच्या हातात कला आहे.

वाशीच्या बाई (निवृत्त शिक्षिका)
सिमेंटवाल्यांचं पाण्याबाबत बरोबर आहे पण दिवाळीनंतर जा म्हणताय तेव्हा पाड्यावर कोण असतं ते बघितलंय का? कातकरी वस्ती असेल तर दिवाळी झाली की घरंच्या घरं कुलपं लावून वीटभट्टीवर जातात, ती पाऊस तोंडावर आला की परत. मुलं बरोबर. भट्टीवर त्यांची झोपडी असते तिला भोंगा म्हणतात आणि तिथे जाऊन शिकवायला भोंगाशाळा काढल्या त्या याच कारणाने. मी नोकरीत असताना एका नव्या कोऱ्या खोलीचं उद्घाटन बघितलंय, फीत, नारळ सगळं, आणि पटावर नावं असलेली निम्मी मुलं तेव्हा भिवंडीकडे विटा उलट्या-पालट्या करत होती. म्हणजे आपण ज्या विटा शाळेला घेऊन जातो त्या याच मुलांच्या घरच्यांनी थापलेल्या असू शकतात.

त्यामुळे माझा पहिला प्रश्न, खोली खरंच कमी आहे का? की शिक्षक कमी आहे? कायद्याने पहिली ते पाचवीला 30 मुलांमागे एक शिक्षक पाहिजे आणि मुलामुलींना वेगळं स्वच्छतागृह पाहिजे, 2009 चा कायदा आहे. बऱ्याच ठिकाणी खोली असते, मुलींचं स्वच्छतागृह असतं ते कुलपात कारण पाणी नाही. शाळा व्यवस्थापन समिती असते, त्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात. मुख्याध्यापकांना नका विचारू, ते नवी खोलीच मागणार, त्या समितीतल्या बायकांना विचारा.

सानपाड्याचे आजोबा
आमचं घराणं नगरचं, अमेरिकन मराठी मिशनमधलं, म्हणून थोडं जुनं सांगतो. मिशनवाले मुंबईला आले 1813 ला आणि 1815 ला त्यांनी पहिली शाळा काढली. त्यांच्यातले मिशनरी गॉर्डन हॉल 1826 ला नाशिककडच्या दौऱ्यात कॉलऱ्याने गेले, बायबलचा मराठी नवा करार तेव्हा छापखान्यात होता. सिंथिया फॅरार 1827 ला आल्या, मुलींच्या शाळा चालवत राहिल्या आणि 1862 ला नगरलाच वारल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिकवण्याचं प्रशिक्षण त्यांच्याकडे घेतलं. इमारती त्यांनी पण बांधल्या पण लोक नाव घेतात ते शिकवण्याचं. आताची पोरं आठवड्यात परत येतात याला माझी हरकत नाही, नोकऱ्या आहेत, परीक्षा आहेत. फक्त त्याला मिशन म्हणताना जरा आवाज खाली ठेवा एवढंच. श्रमदान म्हणा, बास.

ऐरोलीकर
आजोबा, लागलं हो, पण खरंय. मी त्या मोखाड्याच्या शाळेत परत कधी गेलोच नाही.

नौपाडावाली
बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. काल पाळकसाहेबांशी बोलले. बोलावणं तोंडी होतं, समितीला कुणी विचारलेलं नाही. आता ते आणि महिला मंडळातल्या दोघी पुढच्या आठवड्यात आधी नुसत्या जाऊन येणार, खोली का स्वच्छतागृह ते तिथेच ठरेल. मे रद्द. मी नाताळची सुट्टी सुचवली तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की बाई चर्चमधली आहे का कोण! मग नवीन वर्ष झाल्यावर जानेवारीत शनिवार-रविवार मिळून चार-पाच खेपा, दहा-दहा जण, असं म्हणतायत. वाशीच्या बाई, ठाकर वस्ती आहे, भट्टीला जाणारी घरं थोडी आहेत असं कळलंय, पण विचारूच. सिमेंटवाले, पाण्यासाठी आम्ही इथून काय नेऊ शकतो?

सिमेंटवाला
पाणी नेऊ नका, साठवायला टाकी न्या, ती नंतर स्वच्छतागृहाला राहील. नकाशा हातात आला की मला पाठवा, एका शनिवारी मी येतो. आणि गोणपाट भरपूर, ओलं गोणपाट असलं की पाणी कमी लागतं.

कळव्याचा दुकानदार
गोणपाट विकत घेऊ नका. दुकानात तागाची पोती पडून आहेत, शंभरेक असतील. स्टेशनच्या पूर्वेला आहे, रविवारी दुपारी बंद असतं, संध्याकाळी पोरांना पाठवा.