बारा बाय बाराची रिकामी खोली आणि गायब झालेला खर्ज

खोलीवाला:

मुलगी शिकायला बाहेर गेली आणि तिची खोली रिकामी झाली. (परवानगी घेतली आहे. फोनवर, लेखी नाही.) इतकी वर्षं टीव्हीच्या दोन्ही बाजूंना अंग चोरून उभे असलेले माझे स्पीकर अखेर स्वतःच्या खोलीत आले. आतून माप 12 बाय 12 फूट, उंची साडेनऊ. उघडी फरशी, डाव्या हाताला खिडकी, मागच्या कोपऱ्यात दार. स्पीकर समोरच्या भिंतीला जवळजवळ टेकवून ठेवले आणि खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावर, टेपने मोजून. मापाचा थोडा अभिमानच वाटला.

आणि आवाज दिवाणखान्यातल्यापेक्षा वाईट! तंबोरा चिरका, गाणाऱ्याचा प्रत्येक 'स' कानात टोचतो, टाळी वाजवली की मागून 'टर्रर्र' असं काहीतरी येतं. खर्ज तर जवळजवळ नाहीच. कहर म्हणजे उठून दाराच्या कोपऱ्यात गेलो की तिथे तोच खर्ज धो धो वाहतोय. म्हणजे स्पीकर वाजवतायत, मलाच मिळत नाहीये.

सगळ्या भिंतींना दोन इंची फोम लावून टाकायचा विचार आहे. त्याने शेजारच्या खोलीत झोपणाऱ्या आईलाही आवाज जाणार नाही, असा हिशोब. फोमनंतरही खर्ज आला नाही तर मोठा ॲम्प्लिफायर की सबवूफर?


अर्धाकान:

काहीही विकत घेऊ नका. खुर्ची दीड फूट मागे सरकवा, ऐका, मग इथे या.


खोलीवाला:

सरकवली. खर्ज आला!! पूर्ण नाही, पण आला. हे काय गौडबंगाल आहे?


डग्गा:

गौडबंगाल नाही, भागाकार आहे. 565 ला (आवाज सेकंदाला साधारण 1130 फूट जातो, त्याचं अर्ध) खोलीच्या फुटांतल्या लांबीने भागा. 565 भागिले 12 म्हणजे 47. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये 47 हर्ट्झचा सूर अडकून उभा राहतो, भिंतींपाशी सगळ्यात जोरात आणि बरोबर मध्यावर जवळपास शून्य. तुम्ही टेपने मोजून त्या शून्यावर खुर्ची मांडली होती. कोपऱ्यात दोन भिंती भेटतात, म्हणून तिथे धो धो. त्यात तुमची खोली चौरस. लांबीचा आकडा 47, रुंदीचाही 47, दोघे एकाच जागी गोंधळ घालतात. याच्या दुपटीला, 94 ला, मध्यावर उलट फुगवटा असतो. तेव्हा खालचं काही नाही आणि वरचं बदबदीत, असं ऐकू येत असणार.

मी तबला शिकवते, त्यामुळे मला हे आधी हातांनी कळलं. माझी खोली 14 बाय 11. एका ध्वनिमुद्रणात डग्ग्यावर लांब घिस्सा आहे, मनगट सरकत जातं तसा सूर वर चढतो. चढता चढता एका ठिकाणी तो सूर असा फुगायचा की वाटायचं वाजवणाऱ्यानेच तिथे जोर दिलाय. मी विद्यार्थ्यांना तसं सांगितलंसुद्धा, 'इथला दाब बघा' म्हणून. मग एक दिवस हेडफोनवर ऐकलं. दाब वगैरे काही नव्हता, घिस्सा सरळ एकसारखा. फुगत होती माझी खोली, 80 हर्ट्झच्या आसपास. त्या विद्यार्थ्यांना मी अजून खरं सांगितलेलं नाही.

फोमचं पाप मीही केलंय, चारही भिंतींना. दोन इंची फोम वरच्या सुरांना खातो, साधारण 500 हर्ट्झच्या वर. खाली त्याचा काही पाड लागत नाही. 47 हर्ट्झच्या लाटेची लांबी 24 फूट, आणि भिंतीला चिकटलेल्या मऊ थराला लाट नीट पकडायची तर तो थर लाटेच्या पाव लांबीच्या जवळपास जायला हवा. म्हणजे सहा फूट! अर्धी खोली. परिणाम असा झाला की झांजेचा जीव गेला, गळ्याभोवतीची हवा गेली आणि डग्गा मात्र तसाच घुमत राहिला. गोधडीत तोंड घालून गाणाऱ्या माणसाशेजारी कोणीतरी पिंप बडवतंय, असं. तीन भिंतींवरचा फोम खरवडून काढला, रंगासकट.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी फुकटची कामं. स्पीकर भिंतीपासून पुढे ओढा, त्याचा थरथरणारा शंकू (कोन) भिंतीपासून तीन फुटांवर आणा. तीनच का? 12 चा पाव. 94 हर्ट्झचा जो उभा सूर आहे त्याचं शून्य बरोबर तिथे पडतं, आणि शून्यावर बसलेला स्पीकर त्या सुराला झोका देऊ शकत नाही. ज्या गोष्टीने तुमची खुर्ची मारली, तीच इथे आपल्या कामाला. खुर्ची आता मागच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर असेल, ती तिथेच राहू द्या. दोन स्पीकरमध्ये साधारण सव्वापाच फूट अंतर ठेवलं की समभुज त्रिकोण होतो. ट्वीटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, कानाच्या उंचीला. यानंतर सहा-सहा इंच इकडेतिकडे करून ऐका. आकडे फक्त सुरुवात करून देतात, कारण वीट आणि काच सारखं वागत नाहीत आणि दार तर मुळीच नाही.

मग गाद्या. हसू नका. 1895 साली हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला फॉग म्युझियमचं भाषणाचं सभागृह सुधारायला सांगितलं, तिथे बोललेला शब्दच कळत नव्हता. त्याने रात्री सँडर्स थिएटरच्या बाकांवरच्या गाद्या वाहून आणल्या आणि एकेक वाढवत, ऑर्गनची नळी वाजवून, नाद विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. आज वापरतात ते सूत्र त्यातूनच आलं. पण त्याची नळी 512 हर्ट्झची होती, गाद्या तिथे काम करतात. तुमची टाळीतली 'टर्रर्र' आणि टोचणारा 'स' जाड गालिचा, पडदे आणि भरलेल्या पुस्तकांच्या कपाटाने आटोक्यात येईल. घरातल्या गाद्या दोन दिवस भिंतीला उभ्या करून बघा, मगच सुताराला बोलवा.

खर्जासाठी जाडी लागते आणि कोपरे लागतात. लाकडी चौकटीत सहा इंच रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), वरून असं कापड की ज्यातून फुंकर पलीकडे जाते, आणि ते कोपऱ्यात तिरकं उभं, मागे पोकळी ठेवून. चारही कोपरे जमले तर उत्तम. मोठा ॲम्प मात्र डोक्यातून काढा. त्या शून्यावर 10 डेसिबल वाढवायला दहापट ताकद लागेल आणि थेट लाटेबरोबर तिला खोडणारी परतलेली लाटही तेवढीच वाढेल. खड्डा इक्वलायझरने (सूर वेगवेगळे कमी-जास्त करणाऱ्या यंत्राने) भरत नाही. फुगवटा मात्र कापता येतो.


मिस्त्री:

आईबद्दल कोणीच बोललं नाही. मी पार्टिशनची कामं करतो म्हणून सांगतो, खोलीतला नाद सुधारणं आणि आवाज बाहेर जाऊ न देणं ही दोन वेगळी कामं आहेत. फोमने दुसरं काम होत नाही. आवाज वजनाने अडतो आणि फटीतून पळतो. सात फुटी दाराखाली अर्धा इंच फट म्हणजे दाराच्या अर्ध्या टक्क्याहून जरा जास्त जागा. एवढ्याशा भोकामुळे, दार कितीही जड लावलंत तरी ते 22 डेसिबलच्या पुढे अडवू शकत नाही. आधी दाराखाली सील आणि चौकटीला रबर लावा. पोकळ दार असेल तर भरीव घ्या. तरी खर्ज जाणारच, तो भिंतच हलवतो. त्यासाठी खोलीत दुसरी खोली बांधावी लागते आणि मग 12 ची साडेदहा होते. माझा धंदा आहे तरी सांगतो, आई झोपली की हेडफोन लावा.


अर्धाकान:

डग्गाताई, बाकी मान्य. पण बाजूच्या भिंतींवर आरसा सरकवत स्पीकर दिसेल तिथे आवाज शोषणारं पॅनल लावा असं कोणीतरी सांगणारच, म्हणून आधीच बोलतो. डोळे मिटून लावू नका. फ्लॉइड टूल या ध्वनिशास्त्रज्ञांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये वर्षानुवर्षं श्रोत्यांवर प्रयोग केले. त्यांचं म्हणणं असं की स्पीकर बाजूलाही नीट, एकसारखा वाजत असेल तर भिंतीवरून येणारा आवाज बऱ्याच जणांना आवडतो, मंच रुंद वाटतो. माझ्याकडे पॅनल लावल्यावर सगळे गायक मधे येऊन एकमेकांच्या मांडीवर बसले. आठ दिवसांत काढले.


डग्गा:

मांडीवर!! पण या खोलीत स्पीकरपासून बाजूची भिंत साडेतीन फूटसुद्धा नाही. भिंतीवरचा आवाज साडेचार मिलिसेकंदांत मागोमाग येतो. मला तेवढ्यात तंतूचा आघात पुसट वाटतो, तबल्याची किनार जाते. गळा ऐकणाऱ्याला चालेल. शिवाय त्यांच्या डावीकडे काच आहे आणि उजवीकडे वीट, दोन्ही बाजू सारख्या कुठे आहेत? काचेवर निदान जाड पडदा हवाच.


खोलीवाला:

तीन आठवड्यांनी लिहितोय. मोजमापाचा माइक एका ओळखीच्याकडून मागून आणला, रूम ईक्यू विझार्ड हे खोलीचा नाद मोजायचं सॉफ्टवेअर फुकट मिळालं. आधीच्या जागेवर 47 ला असा खड्डा दिसला की मलाच लाज वाटली. नव्या जागी तो बराच भरलाय. स्पीकर तीन फुटांवर आणल्यावर 94 चा फुगवटा बसला, अगदी सांगितलं तसा. गालिचा आला, काचेवर पडदा आला, उजव्या भिंतीला मुलीचं पुस्तकांचं कपाट. विटेवर पॅनल लावून बघितलं, काढलं, परत लावलं. शेवटी अर्धं लावून ठेवलंय, दोघांचंही समाधान. कोपऱ्यात सध्या दोनच चौकटी, कारण तिसऱ्या कोपऱ्यात दार उघडतं आणि चौथ्यात मुलीचं सामान आहे, त्याला हात लावायची परवानगी फोनवरच्या करारात नव्हती.

दाराला रबर लावलं. आई म्हणते आता फक्त 'धुम् धुम्' येतं, गाणं येत नाही, त्यापेक्षा दार उघडं ठेव.

एक नवीन त्रास: 59-60 च्या आसपास खोलीत काहीतरी खडखडतं. उंचीचा आकडा तोच येतो, 565 भागिले साडेनऊ, म्हणून छत समजून शिडीवर चढलो. पडद्याची नवी दांडी निघाली.


अर्धाकान:

दांडी आणि ब्रॅकेटच्या मधे नमद्याचा तुकडा घाला. आणि दार उघडून एकदा मोजा, 47 वर फरक दिसेल.