भाकरी बंद करून उतरलेलं वजन टिकतं का?

कृष्णाकाठ (सांगली)
भाकरी-भात बंद करा, आठवड्यात तीन किलो घालवा, या प्रकाराला माझा ठाम विरोध आहे. यकृतात आणि स्नायूंत मिळून ४००-५०० ग्रॅम ग्लायकोजेन (शरीरानं साठवलेली साखर) असतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी. पिष्टमय पदार्थ तोडले की हा साठा रिकामा होतो, काटा दीड-दोन किलोनं खाली येतो. त्यात चरबी नावालाच. एका लग्नात जिलेबी-मसालेभात झाला की तेच पाणी परत, आणि ‘डाएट मोडलं’ म्हणून माणूस सगळंच सोडतो.

ज्वारीची ६० ग्रॅम पिठाची भाकरी म्हणजे जेमतेम २०० कॅलरी. शेंगदाण्याच्या चटणीवर ओतलेलं दोन चमचे तेल ८०, चार चहांतली आठ चमचे साखर १६०, वर संध्याकाळचा भडंग. यांचं नाव कुणी घेत नाही, दोष भाकरीला! रोज ५०० कॅलरी कमी केल्या तर महिन्याला दीड-दोन किलो जातं. तेवढं पुरे की.

यवतेश्वर_घाट (सातारा)
पाण्याचं गणित मान्य, पण ते पहिल्या आठवड्यापुरतं. ब्रिटनमधला ‘डायरेक्ट’ नावाचा अभ्यास (२०१७) बघा. मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतले लोक, तीन ते पाच महिने रोज साधारण ८५० कॅलरी, तीही शेक-सूपवर. वर्षअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात. १५ किलो किंवा जास्त उतरवलेल्यांत ८६ टक्के. ‘हळूहळू’ सांगून हे झालं असतं का?

दीक्षित पद्धतीचंही तसंच. दोन जेवणं, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आत, शिवाय ४५ मिनिटं चालणं. लक्षात ठेवायला सोपं. एमआयडीसीत पाळी करणारा माणूस चमच्यानं तेल मोजत बसणार आहे का? तुमचा हिशोब कागदावरच छान.

डबा_आणि_गोळ्या
यवतेश्वर, त्या अभ्यासातलं अर्धंच सांगितलंत. इन्सुलिनवाले त्यात घेतलेच नव्हते, आणि साखरेच्या व रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या. इथं लोक ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) चालू ठेवून एक जेवण गाळतात, मग दुपारी घाम, थरथर, चक्कर. डापाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी) घेत कीटो, म्हणजे पिष्टमय पदार्थ जवळपास बंद, करणं त्याहून वाईट. साखर फारशी वाढलेली दिसत नाही आणि तरी रक्त आम्लधर्मी होतं. मळमळ, उलट्या, धाप लागली तर थेट दवाखाना. आठवड्याला दीड किलोपेक्षा वेगानं उतरवलं तर पित्ताशयात खडेही होतात.

कृष्णाकाठ
नेमकं. आणि दुसऱ्या वर्षी त्या ४६ चे ३६ झाले. अमेरिकेतल्या २०१८ च्या ‘डाएटफिट्स’ अभ्यासात ६०९ जण होते. वर्षभरात तेल-तूप कमी खाणाऱ्यांचं सरासरी ५.३ किलो उतरलं, पिष्टमय पदार्थ कमी खाणाऱ्यांचं ६. फरक नगण्य.

यवतेश्वर_घाट
३६ टक्के तुम्हाला कमी वाटतात? गोळ्यांबद्दलचं मात्र मान्य, ते मी आधीच लिहायला हवं होतं. शेक संपल्यावर नेहमीचं जेवण दोन ते आठ आठवड्यांत टप्प्याटप्प्यानं परत आणलं होतं. आपल्याकडे लोक कडक महिना काढतात आणि एकतिसाव्या दिवशी सरळ पुरणपोळीवर येतात. चूक तिथं आहे, कमी खाण्यात नाही.

घेवडा_कोरेगाव
दोघंही प्रथिनं विसरलात. ६५ किलोच्या माणसाला दिवसाला निदान ५५-६० ग्रॅम लागतात, वजन उतरवताना थोडी जास्तच. दोन जेवणांत भाकरी-पिठलं खाऊन ३०-३५ च्या पुढं जात नाही, मग चरबीबरोबर स्नायूही झडतात. ५० ग्रॅम कोरडा वाघ्या घेवडा (आपला राजमाच) ११ ग्रॅम देतो, दोन अंडी १२. घेवडा रात्रभर भिजवा, पाणी ओता, कुकरला गाळ शिजवा; अर्धा कच्चा राहिला तर उलट्या-जुलाब ठरलेले. आठवड्यातून दोनदा उठाबशा किंवा वजनं उचला. नुसता अजिंक्यतारा किल्ला चढून भागत नाही, त्यातली कमाई राजवाड्यावर दोन वडापावांत जाते.

यवतेश्वर_घाट
दोन जेवणांत ६० ग्रॅम बसवायचे तर ताट कसं लावायचं, तेही लिहा.

घेवडा_कोरेगाव
प्रत्येक वेळी एक भाकरी, ५० ग्रॅम कोरड्या कडधान्याची उसळ, दोन अंडी नाहीतर ६०-७० ग्रॅम पनीर. भाजी हवी तेवढी, तेल दोन चमचे मोजून. उसळीवर फरसाण टाकलंत तर ती मिसळ झाली, मग हा हिशोब धरू नका.